अपेक्षित उत्तर

आत्याच्या बाइंडिंगच्या कारखान्यात एकच नियम होता, पण तो काळ्या दगडावरची रेघ होता. कटिंग मशीनवर कागदाचा गठ्ठा ज्याने लावला, त्यानेच हँडल ओढायचं. एकाने गठ्ठा सरळ धरायचा आणि दुसऱ्याने हँडलला हात घालायचा, हे तिच्याकडे चालत नसे. काम कितीही घाईचं असो, बाहेर गिऱ्हाईक खोळंबलेलं असो, दुसऱ्याचा हात लागला की संपलं. या एका नियमापायी तिने तिघांना कामावरून काढलं. त्यातला तिसरा तिचा सगळ्यात चांगला कारागीर होता. पुस्तकाच्या पाठीवर सोनेरी अक्षरं उठवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो डोळे पुसत दारात उभा राहिला, तरी बाई विरघळली नाही. आम्ही आपसात म्हणायचो, आत्याच्या डोक्यातला एक स्क्रू त्या मशीनमध्ये पडलाय.

असं म्हणायचा मला हक्क होता, कारण मी तिच्याच हाताखाली वाढले. मी तीन वर्षांची असताना आई आजारपणात गेली. बाबा सतत परदेशी. उरली आत्या, बाबांची पाच वर्षांनी मोठी बहीण. अंगाने बारीक, आवाजाने मोठी, नाकावर माशी बसू न देणारी. तिच्या उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं अर्धीच होती. ती चौदा वर्षांची असताना, आजोबांच्या याच कारखान्यात, याच मशीनवर ती बोटं गेली. "हँडल आपोआप सुटलं," एवढंच ती सांगायची आणि विचारणाऱ्याकडे अशी बघायची की त्याने पुढचा प्रश्न गिळून टाकावा. त्याच हाताने ती पुन्हा खळ लावायला आणि पानांच्या घड्या घालायला शिकली. लिहिणं मात्र डाव्या हातावर गेलं, आणि ते अक्षर शेवटपर्यंत पहिलीतल्या मुलीसारखं राहिलं.

मोठी झाल्यावर मी ते मशीन चालवायला लागले, तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. हँडलला खिट्टी आहे. ती पायाने दाबून धरल्याशिवाय हँडल खाली येतच नाही. मी तिला म्हटलं, "आत्या, हे आपोआप सुटणं शक्य नाही."

"तेव्हाची खिट्टी झिजली होती. नंतर बदलली," ती म्हणाली. "आणि तू इंजिनिअर कधीपासून झालीस?"

विषय तिथेच संपला.

बाबा सहा फूट उंच होते आणि आत्या त्यांना बारक्या म्हणायची. ते पाण्याचे पंप विकणाऱ्या एका सरकारी कंपनीत आहेत, असं आम्हाला सांगितलेलं होतं. घरी आले की ते कारखान्यात येऊन बसत, छापून आलेल्या कागदांच्या घड्या घालत, पुठ्ठ्यांना खळ लावत, कामगारांची टिंगल करत. फक्त कटिंग मशीनच्या खोलीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. तिकडून काही आणायचं असलं तर मला पाठवत. मी ते लहानपणापासून बघत होते, त्यामुळे त्यात काही विचारण्यासारखं आहे असं मला कधी वाटलंच नाही.

मी आठ वर्षांची असताना एका मंगळवारी दोन माणसं घरी आली. एकजण बोलण्याआधी खोकायचा आणि बोलून झाल्यावरही खोकायचा, म्हणून आमच्या घरात त्याचं नाव खोकलासाहेब पडलं. दुसरा काहीच बोलला नाही. खोकलासाहेबांनी सांगितलं की परदेशात बाबांची गाडी अडवून त्यांना आणि त्यांच्या ड्रायव्हरला पळवून नेलंय. मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुमचे भाऊ खरं म्हणजे पंपांच्या कंपनीत नाहीत."

"ते मला माहीत आहे," आत्या म्हणाली. "त्याला नळाचं वायसर बदलता येत नाही."

खोकलासाहेब हसले, मग हसल्याबद्दल खोकले. बाबा गुप्तचर खात्यात होते. हे कोणाला कळता कामा नये, शेजाऱ्यांना नाही, शाळेत नाही, नातेवाइकांना नाही. कळलं तर तिकडे त्यांच्या जिवावर बेतेल. आत्याने त्यांना दारापर्यंत सोडलं, आत येऊन माझ्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "बाबा फिरतीवर आहेत. कोणी विचारलं तर काय सांगायचं?"

"बाबा फिरतीवर आहेत."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. तिने माझ्याकडून ते दहा वेळा म्हणून घेतलं. मला तेव्हा हे माहीत नव्हतं की अशी वाक्यं पाठ करून घेण्याची तिला सवय होती.

पाचव्या महिन्यात खोकलासाहेब एकटेच आले आणि एक फॉर्म घेऊन आले. पळवून नेणाऱ्यांशी एका मध्यस्थामार्फत बोलणी चालू झाली होती. पण बाबा जिवंत आहेत याची खात्री झाल्याशिवाय खातं पुढे सरकणार नव्हतं. त्यासाठी त्यांना एक प्रश्न विचारायचा होता. उत्तर फक्त त्यांनाच ठाऊक असेल असा. घरच्यांनी प्रश्न द्यायचा आणि त्याचं उत्तरही द्यायचं. तिकडून तेच उत्तर आलं तर माणूस जिवंत. आत्याने मला चहा ठेवायला पाठवलं. मी परत आले तेव्हा तिने डाव्या हाताने लिहून कागद पाकिटात घातलेला होता आणि ती स्वतःच त्याला खळ लावत होती, खोकलासाहेबांचा चिकटपट्टीचा रीळ बाजूला सारून.

"असा प्रश्न दिलाय," त्यांना ती म्हणाली, "की बारक्याला झोपेतून उठवून विचारलंत तरी उत्तर चुकणार नाही."

त्या दिवशी ती खुशीत होती. बाबांचा कोट तिने उन्हात टाकला. कारखान्यातल्या माणसांना उगीचच लवकर सोडलं.

साधारण महिन्याने खोकलासाहेब आले, दारातच उभे राहिले. "उत्तर आलं नाही," ते म्हणाले. आणखी दोन महिन्यांनी आले तेव्हा म्हणाले की आता ते हयात नाहीत असंच धरून चालावं लागेल. देह मिळाला नाही. कोट कपाटात परत गेला.

मी रडले, शाळेत कोणाला तरी चावले, मग हळूहळू मोठी झाले. आत्या मात्र एका वाक्याच्या आधाराने उभी राहिली. ती म्हणायची, "प्रश्न पोचला तेव्हाच तो नव्हता गं. असता तर उत्तर दिलंच असतं. मी विचारलं आणि बारक्याने उत्तर दिलं नाही, असं कधी झालं नाही." म्हणजे पाच महिनेसुद्धा नाही, त्याच्याही आधीच तो सुटला, फार हाल झाले नसतील. हा हिशोब ती मला सांगायची, मग बाबांच्या फोटोकडे तोंड करून पुन्हा सांगायची. मला तो हिशोब पटायचा. दुसरं काय होतं आमच्याकडे?

एकतीस वर्षं गेली. कारखाना मी चालवू लागले. आत्या एकाहत्तरची झाली, डोळे अधू झाले, तरी दिवसभर कोपऱ्यात बसून बोटांनी चाचपून माझ्या शिलाईतल्या चुका काढायची. मग एक दिवस पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी आली की जुन्या अपहरणांच्या काही गुप्त फायली सरकारने खुल्या केल्या आहेत. मी अर्ज केला. तीन महिन्यांनी पत्र आलं की फाइल वाचायला मिळेल, पेन आणू नये, पेन्सिल चालेल.

अभिलेखागाराची इमारत बाहेरून शाळेसारखी होती. आत पिशव्या कपाटात ठेवायला लावल्या. आत्याला वाचता येत नाही, मला मोठ्याने वाचावं लागेल, असं सांगितल्यावर रेकॉर्डवाल्या बाईंनी आम्हाला काचेची एक वेगळी खोली दिली. बाई पन्नाशीच्या, गळ्यात चष्म्याची दोरी. त्यांनी फाइल टेबलावर ठेवली. दोनशे चौदा पानं.

आत्याने आधी हात फिरवला तो फाइलच्या पाठीवरून. "दोनदा उसवून बांधलीय," ती म्हणाली. "आणि दुसऱ्यांदा कोणीतरी आंधळ्याने बांधलीय."

"गुप्त ते काळं करायला उसवावी लागली असेल," बाई जरा ओशाळून म्हणाल्या आणि दार लावून गेल्या.

काळं म्हणजे किती काळं! काही पानांवर वर 'विषय' होता, खाली 'कळावे' होतं, आणि मधे नुसती काजळी. नावं काळी, गावं काळी, तारखासुद्धा काही ठिकाणी काळ्या. मी वाचत होते, "सदर अधिकारी, काळं, येथून, काळं, कडे जात असता, काळं." आत्याला हसू आलं. "बारक्याचं सगळं बोलणं असंच असायचं," ती म्हणाली.

महत्त्वाचं ते सगळं त्यांनी काळं केलं होतं. बिनमहत्त्वाचं तेवढं ठेवलं होतं, आणि ते म्हणजे आमचं घर. आमचा कारखाना, बाबांच्या चपलेचं माप, मला गोवर झाल्याची नोंद, सगळं शाबूत.

पान शहाण्णववर आत्याचा फॉर्म होता. ते वेडंवाकडं अक्षर मी लांबून ओळखलं. मी वाचलं, "प्रश्न. आपल्या कारखान्यातल्या कटिंग मशीनचं हँडल कसं पडलं. अपेक्षित उत्तर. आपोआप सुटलं."

"हो," आत्या म्हणाली. "हेच दिलं होतं मी."

मी पान उलटलं. पुढचं पान टाइप केलेलं होतं आणि त्यावर काळा फरकाटा एकही नव्हता. मी त्याच आवाजात वाचत गेले. देवाशप्पथ, मी काय वाचतेय याची मला कल्पना नव्हती.

"मध्यस्थाने आज फोनवरून इसमाचे उत्तर कळवले, ते पुढीलप्रमाणे. हँडल मी ओढलं. ताईला सांगा, मी ओढलं. ती थांब म्हणत होती. उत्तर अपेक्षित उत्तराशी जुळत नाही. सबब उत्तर देणारी व्यक्ती आपला अधिकारी नसावी व अधिकारी हयात नसावा, असे गृहीत धरून बोलणी थांबवण्यात यावीत. कुटुंबास उत्तर आले नाही असे कळवावे, म्हणजे अधिक प्रश्न उद्भवणार नाहीत."

वाचून झाल्यावर मी वर पाहिलं. आत्याने उजवा हात डाव्या हाताने झाकून घेतला होता, जसा एखादा चोरलेली वस्तू झाकतो. तिचे ओठ हलत होते.

"आत्या, म्हणजे काय?"

"उत्तर आलं होतं," ती म्हणाली.

बाहेरच्या बाकावर बसून तिने मला सगळं सांगितलं. ती चौदाची, बाबा नऊचे. आजोबा बाहेर गेलेले. ती गठ्ठा सरळ करत होती आणि बाबा हँडलशी खेळत होते. 'मला जमतं बघ' म्हणाले, ती 'थांब' म्हणाली, त्यांनी खिट्टीवर पाय दिला आणि हँडलला लोंबकळले. आजोबांचा हात जड होता. त्यांना कळलं असतं तर त्यांनी पोराला जिता ठेवला नसता, असं तिला वाटलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात, हाताला फडकं गुंडाळलेलं असताना, तिने भावाला समोर बसवलं आणि म्हणाली, 'हँडल आपोआप सुटलं. काय झालं, सांग?' तो रडत रडत म्हणाला. तिने ते त्याच्याकडून दहा वेळा म्हणून घेतलं. पुढे दोघांनी ते वाक्य आयुष्यभर सांभाळलं. एकटे असतानाही त्यांनी कधी दुसरं काही म्हटलं नाही.

"त्याने किती वेळा तोंड उघडलं होतं, 'ताई, तेव्हा मी...' म्हणून," ती म्हणाली. "मी पुढे बोलूच दिलं नाही. म्हटलं, कशाला जुनं उकरतोस."

"आणि तू फॉर्मवर खोटं लिहिलंस?" मी विचारलं. माझा आवाज चढला, रस्त्यावरचे लोक बघायला लागले, मला त्याचं काही वाटलं नाही. "बाबांच्या जिवाच्या कागदावर? कोणापासून लपवत होतीस तू? आजोबा मरून दहा वर्षं झाली होती!"

"मला ते खोटं वाटतच नव्हतं गं. सव्वीस वर्षं तेच सांगत होते. मला वाटलं, तो हेच म्हणणार. दुसरं तो म्हणेलच कसा?"

"ते जिवंत होते, आत्या! तुझ्यामुळे..."

मी वाक्य पूर्ण केलं नाही, पण केल्यासारखंच होतं. तिने मान हलवली. हो म्हणाली.

चार दिवस मी तिच्याशी बोलले नाही. हे मी लपवत नाही. तिचं ताट वाढून समोर ठेवायचे आणि दुसऱ्या खोलीत जाऊन जेवायचे. जिने मला तळहातावरच्या फोडासारखं जपलं, तिच्याकडे मला बघवेना. मला वाटायचं, माझे बाबा परत आले असते. शाळेच्या फाटकाशी उभे राहिले असते. एका वाक्यासाठी आले नाहीत, आणि ते वाक्य हिचं. ती बिचारी काही सफाई देत नव्हती. फोटोकडे तोंड करून बोलणंही तिने सोडलं. इतकी वर्षं ज्या हिशोबावर ती उभी होती, तो मीच तिला वाचून दाखवून खोडला होता.

पाचव्या दिवशी सकाळी मी कारखान्यात गेले आणि मशीनपाशी उभी राहिले. खिट्टीवर पाय ठेवला, हँडल धरलं. जड होतं. नऊ वर्षांच्या पोराला ते ओढायला सगळं अंग टाकावं लागलं असेल. मग गठ्ठ्याच्या जागी मी हात ठेवून पाहिला, नुसताच. चौदा वर्षांची मुलगी. बोटं तुटलेली, आणि तिला पहिली काळजी पडली ती भाऊ मार खाईल याची. मी तिथेच स्टुलावर बसून खूप रडले. राग गेला असं नाही, पण एकट्या आत्यावर तो मावेना.

घरी आले तर ती कपडे करून तयार बसली होती. चप्पलही घातलेली. "मला तिथे परत घेऊन चल," ती म्हणाली. "अजून अर्धी फाइल राहिलीय."

रेकॉर्डवाल्या बाईंनी आम्हाला ओळखलं. तीच खोली उघडून दिली. मी पान सत्त्याण्णव पुन्हा काढलं, कारण मागच्या वेळी समासाकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. तिथे बारीक पेन्सिलीने कोणीतरी लिहिलं होतं, "बहिणीस एकदा पुन्हा विचारावे काय?" आणि त्याखाली निळ्या शाईत, ऐसपैस अक्षरात, "गरज नाही."

मी ते दोनदा वाचून दाखवलं.

"पेन्सिलवाला कोण असेल?" आत्याने विचारलं.

"कोणी तरी हाताखालचा. कदाचित खोकलासाहेबच."

"चांगला माणूस होता," ती म्हणाली. "विचारायला हवं होतं गं. मी सांगितलं असतं."

सांगितलं असतं का? मला वाटतं, सांगितलं असतं. दारात उभं राहून कोणी एवढंच म्हटलं असतं की तो म्हणतो मीच ओढलं, तर ती तिथल्या तिथे ओरडली असती, हो, हो, तोच आहे! मोजून पाच मिनिटांचं काम. निळ्या शाईवाल्याला ती पाच मिनिटं नव्हती. त्याचं नाव अर्थातच काळं होतं.

पान एकशे एकाहत्तरवर ड्रायव्हरचा जबाब होता. तो नंतर सुटून आला होता. त्याला आणि बाबांना एकाच खोलीत ठेवलेलं. मी हळू वाचत होते, कारण आता पुढच्या शब्दाची भीती वाटत होती. बाबा उत्तर दिल्यानंतर सात आठवडे जगले. मग त्यांना ताप आला, औषध मिळालं नाही. "साहेब शेवटपर्यंत शुद्धीवर होते," जबाबात होतं. "प्रश्न आला त्या दिवशी ते फार रडले व नंतर हलके झाल्यासारखे दिसले. म्हणाले, ताईने शेवटी विचारलं. त्यानंतर पहारेकरी जेवण घेऊन आला की त्याला रोज एकच विचारत, माझं उत्तर पोचलं का."

मी थांबले. आत्याने टेबलावर डोकं टेकलं होतं. तिची पाठ हलत होती आणि एवढ्याशा बाईच्या अंगात इतकं रडणं कुठे मावलं होतं, मला कळेना. मी खुर्ची ओढून तिच्याजवळ गेले. तिने माझा हात धरला तो उजव्या हाताने, त्या अर्ध्या बोटांनी, जी ती कधी कोणाला लावत नसे.

बऱ्याच वेळाने तिने तोंड पुसलं. "यांच्याकडे दुरुस्ती करता येते का, विचार."

येत होती. नातेवाइकांसाठी एक फॉर्म होता. नोंदीत चूक असेल तर ती लिहून द्यायची. मूळ पान बदलत नाहीत, पण तो कागद फाइलला कायमचा जोडतात. रेकॉर्डवाल्या बाईंनी स्वतःचं पेन दिलं. आत्याने डाव्या हाताने, नाक कागदाला लावून, लिहायला सुरुवात केली. मी मदतीला पुढे झाले तर तिने कोपराने ढकललं. पान नंबर सत्त्याण्णव. चुकीची नोंद, उत्तर जुळत नाही. बरोबर नोंद, याच्यापुढे तिने लिहिलं, "उत्तर बरोबर होतं. हँडल त्यानेच ओढलं होतं. अपेक्षित उत्तर मी खोटं लिहिलं होतं. मी त्याची बहीण."

शेवटचा रकाना पुराव्याचा होता. तिथे ती अडली. "काय लिहू?" तिने विचारलं.

मी काही बोलायच्या आत बाईंनी तिच्या हाताकडे पाहिलं. त्यांनी सकाळीच फाइल वाचली असावी, किंवा आमचं रडणं काचेतून पाहिलं असावं. त्यांनी पेन घेतलं, पुराव्याच्या रकान्यात 'समक्ष पाहिला' असं लिहिलं आणि खाली सही केली.

"थांबा," आत्या म्हणाली. "एक ओळ राहिली." आणि सहीच्या वरच्या मोकळ्या जागेत, उतरत्या अक्षरात, तिने लिहिलं, "उत्तर पोचलं."

जोडायच्या आधी कागदाला भोकं पाडावी लागतात. त्यासाठी बाईंच्या टेबलाशेजारी लोखंडी मशीन होतं, जाड फायलींचं, हातभर लांब हँडलचं. बाई ते काम करायला उठल्या, पण आत्या आधीच तिथे पोचली होती. शेवटी धंदा तिचा. तिने कागद मशीनमध्ये सरकवला, कडा चाचपून सरळ केली, आणि तो हलू नये म्हणून उजव्या हाताने दाबून धरला. मी आपली उभी होते. ज्याने लावला त्यानेच ओढायचं, हे माझ्या हाडामासात गेलेलं होतं.

"अगं, बघतेस काय?" आत्या म्हणाली. "तू ओढ."

"आत्या, तुझा हात आहे तिथे."

"माहीत आहे."

तिने हात काढला नाही. चेहरा माझ्याकडे केला, डोळे लाल झालेले, आणि म्हणाली, "ओढ गं. मी थांब म्हणत नाहीये."

मी हँडल ओढलं.